अण्णांनी पाहिलेला किल्ला

यंदाचा पोळा कोरडाच गेला. लातुरात आता बैल फारसे दिसत नाहीत, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा मातीचे बैल विकायला बसतो. समोरून टँकर गेला की त्याच्या बैलांवर धुरळा बसतो, आणि तो फडक्यानं एकेक बैल पुसून पुन्हा मांडतो. भाद्रपद संपत आला तरी उन्हाला वैशाखाची धार आहे. दुपारी आभाळ भरून येतं, बाया गच्चीवरचे कपडे काढतात, आणि तासाभरात ते आभाळ कुठल्या तरी दुसऱ्या मुलखाकडे निघून जातं. अशा दिवसांत माणसाला पाणी आठवावं. मला मात्र वाळू आठवते.

वाळूशी माझी ओळख जुनी आहे. बिलोलीच्या अलीकडे मांजरेच्या काठावर आमचं गाव. मांजरेला पाणी असलं तर असतं, पण वाळू बारमाही. बहात्तरच्या दुष्काळात नदी अशी आटली की पलीकडच्या काठापर्यंत नुसतं पांढरं, डोळ्यांना झोंबणारं रान झालं. वाळूत हातानं खड्डा करायचा, त्याला आम्ही झिरा म्हणायचो. खड्ड्याच्या तळाशी पाणी झिरपत यायचं, आणि ते वाटीनं उचलून घागरीत भरायचं. वरच्या अंगाला गावाचे झिरे, खालच्या अंगाला आमच्या वस्तीचे. तेव्हा मला ते नदीच्या उतारासारखंच वाटायचं. आहे तसं आहे.

झिरा भरायला फार वेळ लागे. एक घागर होईपर्यंत संध्याकाळ कलायची. आणि त्या वेळात अण्णा आम्हाला किल्ल्याची गोष्ट सांगायचे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत ड्रायव्हर होते. रजेवर आले की धर्माबादला गाडीतून उतरायचे, आणि त्यांची लोखंडी पेटी बैलगाडीत घालून आम्ही पोरं गाडीमागून नाचत गावात यायचो. त्या दुष्काळाच्या आधी ते राजस्थानात, जैसलमेरकडे होते. तिथल्या वाळवंटात एक किल्ला आहे, तो पिवळाधमक आहे, असं ते सांगायचे.

"पिवळा म्हंजी कसा, अण्णा?"

"तुरीची डाळ बघितली ना? तिचा ढीग घातल्यावाणी. लांबून ट्रकातून दिसतो. ऊन उतरलं की जास्तच पिवळा दिसतो."

"आन आत?"

"आत राजाचा वाडा. चांदीचं सिंहासन. लई पायऱ्या चढाव्या लागत्यात. कुणी राहत न्हाई तिथं, नुसतं वारं फिरतं. आन एक हीर हाय. हात बुडवला की पाणी लागतं."

आम्ही सगळी पोरं तेव्हा आपापल्या खड्ड्यात बघायचो. वस्तीतली पोरं रोज नव्यानं विचारायची आणि अण्णा रोज काही तरी नवं सांगायचे. एखाद दिवशी मोर यायचा, एखाद दिवशी तोफ. शेवटी मी विचारायची, "मला न्याल का?" आणि ते म्हणायचे, "नेतो की एकदा."

मी मोठी झाले, नांदेडला शिकले, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि लातूरला नोकरीला लागले. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या आल्या होत्या पण त्यांना घरं नव्हती. आमची कचेरी एका जुन्या गोदामात भरायची. शेजारी डाळमिल. भिंतीपलीकडे दिवसभर जातं घरघरायचं आणि खिडकीतून पिवळी भुकटी आत यायची; टाईपरायटरवर, रजिस्टरांवर, माझ्या केसांवर. जुन्या कागदांच्या माथ्यावर उस्मानाबाद छापलेलं असायचं. त्यावर रेघ मारायची आणि वर लातूर टंकायचं, हे माझं काम. दिवसभर मी एक जिल्हा खोडून दुसरा लिहायची. गावात त्याची फार मिजास होती. माय शेजारणींना सांगायची, "आमच्या सुमननं लिव्हल्याबिगर तिथं जिल्हा व्हत न्हाई."

त्या वर्षी पाऊस पडला नाही. मृग गेला, हस्ताचा हत्तीही गेला. कचेरीत टँकरची पत्रं टंकता टंकता माझी बोटं आपोआप चालायची आणि डोळे खिडकीतून येणाऱ्या त्या पिवळ्या भुकटीकडे असायचे. संध्याकाळच्या उन्हात ती हवेत तरंगायची. मला एकदम वाटलं, आपण गेलो नाही तर आता कधीच जाणार नाही. कारण माझं लग्न ठरलं होतं. उदगीरचा मुलगा, शाळेत मास्तर. चांगला होता, इतक्या वर्षांनी आजही चांगलाच आहे. पण लग्नानंतर माणूस कुणाच्या तरी सोबत जातं. मला अण्णांसोबत जायचं होतं.

दसऱ्याच्या सुटीला मी गावी गेले. अण्णा तेव्हा निवृत्त होऊन घरी आले होते. अंगणात बसून बाज विणत होते.

"अण्णा, जैसलमेरला जाऊ या."

सुंभाचं टोक त्यांनी दातात धरलं होतं. ते सोडून म्हणाले, "कामून?"

"किल्ला बघायला. तुम्ही न्यायचं म्हणाला होता."

"माझं बघून झालंय की."

"मग माझ्यासाठी चला."

त्यांनी पुन्हा दोरी ओढायला घेतली. मग म्हणाले, "मला न्हाई यायचं. तू जा. तुला कमाई हाय, रजा हाय. जा."

माय आतून बाहेर आली. "एकटी? जग दसऱ्याला नागपूरला चाललंय, आन ही वाळू बघायला जाऊन राहिली. आपल्या नदीत काय कमी वाळू हाय?"

"जाऊ दे तिला," अण्णा म्हणाले. "लगीन झाल्यावर कोन जाऊ देतं?"

मला जाऊ नको म्हणाले नाहीत आणि स्वतः आलेही नाहीत, याचं मला वाईट वाटलं. पण वाटेची सगळी स्टेशनं त्यांनी मला तोंडपाठ सांगितली. धर्माबादहून मीटरगेजची गाडी तेव्हा थेट अजमेरपर्यंत जायची. गाडीत बसवायला ते आले. पेटीला साखळी कशी लावायची ते दाखवलं, खिडकीच्या गजाला धरून थोडं चालले, आणि म्हणाले, "पाण्याचा कॅन भरलेला ठेव. तिकडं कुणाला पाणी मागू नको."

"का?"

"लांबचा मुलूख हाय," ते म्हणाले, आणि गाडीनं वेग घेतला.

डब्यात नांदेडचं एक मुसलमान कुटुंब होतं, अजमेरला दर्ग्याला निघालेलं. त्यातल्या वयस्क बाईंनी मला बघितल्या बघितल्या आपल्या बाजूला सरकवून घेतलं. "अकेली जा रई क्या बेटी? इधर बैठ." पूर्णा, अकोला, खांडवा, एकेक स्टेशन अण्णांनी सांगितलं तसं येत गेलं. कुठे कुठे खिडकीबाहेर हिरवं दिसायचं तेव्हा त्या बाई हळहळायच्या. "यां देखो, पानीच पानी. अपनी तरफ तो कुछ बी नई." मला ते "अपनी तरफ" फार बरं वाटायचं. घरापासून लांब गेलं की माणूस आपल्या दुष्काळालाही आपला म्हणतो. अजमेरला त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या गर्दीत गेल्या. तिथून पुढे मी खरी एकटी झाले. जोधपूर झालं. मग झाडं बुटकी होत गेली, खेजडीच्या सावल्या विरळ झाल्या, घरं दूर दूर सरकली. डब्यात सगळीकडे बारीक वाळू येऊन बसली. दातांतही आली. मला ती चव ओळखीची होती.

आणि मग सकाळी खिडकीतून किल्ला दिसला.

अण्णा खोटं बोलले नव्हते. सपाट रानात एक टेकाड, आणि त्यावर कुणी पोतं उपडं केल्यासारखी तुरीच्या डाळीची रास. ऊन नुकतंच वर येत होतं आणि ती रास आतून उजळत होती. मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बघत राहिले. माझ्या शेजारची बाई आपल्या पोराला शेंगदाणे सोलून देत होती. तिनं वर बघितलंही नाही. मला तिला सांगावंसं वाटलं, हा माझ्या वडिलांचा किल्ला आहे.

पण आत गेले तेव्हा काहीच जुळेना. पायऱ्या नव्हत्या, दगडी फरसबंदीचा चढ होता, वळत वळत एका दरवाज्यातून दुसऱ्यात जाणारा. आणि आत माणसं राहत होती. अख्खं गाव. गल्ल्या, गल्ल्यांत गाई, ओट्यावर पापड वाळत टाकलेले, शाळेला निघालेली पोरं, एका सुंदर कोरीव जाळीला बांधलेली दोरी आणि तिच्यावर लुगडी. एका वळणावर कुणाच्या तरी घरातून फोडणीचा वास आला. नुसतं वारं फिरतं म्हणाले होते अण्णा. मला वाटलं, कदाचित ते दुसऱ्या बाजूनं आले असतील. कदाचित तेव्हा लोक नसतील. पण ओट्यांचे दगड बसून बसून गुळगुळीत झाले होते. कित्येक पिढ्या तिथे बसल्या होत्या. मी गल्ल्यांतून फिरत होते आणि अण्णांची वाट शोधत होते, ती कुठेच सापडत नव्हती.

दुपारी कॅनमधलं पाणी संपलं. एका घराच्या सावलीत ओट्यावर बसले. आतून एक म्हातारी बाहेर आली. अंगभर चुण्या पडलेला घागरा, हातात कोपरापर्यंत चुडा, तोंडात दात थोडे.

"अकेली?"

मी मान हलवली. ती आत गेली आणि पितळेचा तांब्या घेऊन आली. पण द्यायच्या आधी माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "कौन हो?"

"महाराष्ट्र से."

"वो नहीं. जात कौनसी?"

मला अण्णांचं बोलणं आठवलं. पण खोटं सांगायला मला शिकवलेलं नव्हतं. "बौद्ध," मी म्हणाले.

तिला काही कळलं नाही. "वो कौन होते हैं?"

"बुद्ध को मानते हैं हम."

तिनं जरा विचार केला. मग गल्लीच्या टोकाला जैनांचं देऊळ होतं, तिकडे हात करून म्हणाली, "मंदिर में बैठे हैं, आँख मींच के, वैसे?"

"थोडे वैसे ही," मी म्हणाले.

"तो पी ले," ती म्हणाली. "बारिश हुई तेरे गाँव में?"

"नहीं हुई."

"यहाँ भी नहीं," ती म्हणाली आणि माझ्याजवळ बसली. मी तांब्याभर पाणी प्यायले. ते कोमट होतं आणि किंचित खारट. हात बुडवला की पाणी लागतं त्या विहिरीचं मी तिला विचारलं. ती हसली. पाणी खालच्या तळ्यातून आणायचं, म्हणाली, आणि यंदा ते तळंही तळाला गेलंय.

दुसऱ्या दिवशी जीपमधून चार लोकांबरोबर वाळूच्या टेकड्या बघायला गेले. जीपमधली सगळी उंटांकडे धावली. मी एका टेकडीच्या मागे जाऊन बसले. समोर वाऱ्यानं वाळूवर रेघा ओढल्या होत्या, थेट आटलेल्या मांजरेवर असतात तशा. माझा हात आपोआप खाली गेला आणि खड्डा करू लागला. कोपरापर्यंत हात गेला तरी वाळू कोरडी. एक उंटवाला लांबून बघत होता. जवळ येऊन म्हणाला, "कुछ गिरा क्या?"

"नहीं. पानी देख रही हूँ."

"बहुत नीचे है," तो म्हणाला. चेष्टेनं नाही, वाट सांगावी तसं म्हणाला.

सूर्य बुडेपर्यंत मी तिथेच बसले. इतक्या लांब येऊन मला आमच्या नदीची, मायच्या बोलण्याची, कचेरीतल्या पिवळ्या भुकटीची ओढ लागली होती. आणि सगळ्यांत जास्त, शेजारच्या रिकाम्या वाळूवर अण्णा बसलेले असावेत असं वाटत होतं. ज्यांनी मला हे सगळं दाखवलं ते इथे नव्हते. आणि ते इथे कधी होते का, अशी शंका तेव्हा पहिल्यांदा मनात आली.

परत आले तेव्हा अण्णा ओट्यावर माझी वाट बघत बसलेले होते. हातपाय धुतले, भाकरी खाल्ली, आणि मी सांगायला लागले. गाडीतल्या बाई, पिवळी रास, उंट. ते ऐकत होते. म्हातारीनं पाणी दिलं असं मी म्हणाले, तसं त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"पाणी दिलं?"

"हाव."

"इचारलं न्हाई काही?"

"विचारलं. बौद्ध म्हणून सांगितलं."

"मंग?"

"तिला कळलंच नाही बौद्ध म्हणजे काय."

अण्णा हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले, आणि मग अंगणाकडे तोंड करून बसले. आत मायच्या चुलीचा आवाज येत होता.

"सुमे," ते म्हणाले, "म्या वर गेलोच न्हाई."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"सुट्टी व्हती त्या दिवशी. वर्दी न्हवती अंगावर. आम्ही चार-पाच जण निघालो किल्ला बघायला. दरवाज्यापाशी एक जण माठ घेऊन बसलेला, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजत व्हता. माझी पाळी आली तवा इचारलं, कौन जात. म्या सांगितलं. फौजेतला माणूस, लपवायचं कामून? त्यानं माठावर झाकण ठिवलं. काई बोलला न्हाई. नुसतं झाकण ठिवलं."

"आणि बाकीचे?"

"ते म्हणले, चल रे, वर मिळंल पाणी. म्या म्हणलो, तुम्ही जा, गाडीपाशी कुणी तरी पायजे. बसलो खाली. गाडी पुसली. ते उतरल्यावर इचारलं, आत काय हाय. म्हणले, दरवाजे हायत, वाडा हाय. बाकीचं म्या जोडलं."

"का जोडलंत?"

ते माझ्याकडे वळले. "तुम्ही पोरं इचारत व्हते ना. झिरा भरायला येळ लागायचा. काय सांगू मंग, झाकणाचं सांगू?"

मायनं आतून हाक मारली, तरी आम्ही दोघं उठलो नाही. मग अण्णांनी हळूच विचारलं, "आता सांग. आत काय हाय?"

मी सांगितलं. त्या रात्री, आणि मग लग्न होऊन सासरी जाईपर्यंत कितीदा तरी सांगितलं. त्यांना बारीकसारीक हवं असायचं. पायऱ्या नाहीत, चढ आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "म्या तर समद्यास्नी पायऱ्या चढवल्या." गल्ल्या किती रुंद? गाय आली तर माणूस कुठं सरकतं? पापड कशाचे होते? म्हातारीचा आवाज कसा होता? मी तो काढून दाखवायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे.

ते जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. माझा मुलगा म्हणतो, परत जाऊन ये, आता तर गाड्या चांगल्या आहेत, हॉटेलं आहेत. फोनवर फोटो दाखवतो. फोटोत किल्ला अजून तितकाच पिवळा आहे. मी बघते आणि फोन त्याला परत देते. यंदाच्या या कोरड्या भाद्रपदात ओढ लागते, पण ती त्या किल्ल्याची नाही. गाडीच्या खिडकीला धरून चालत येणारा हात, बाज विणताना दातात धरलेली दोरी, ऐकताना मिटलेले डोळे, यांच्याकडे जाणारी ओढ आहे. तिकडे कुठली गाडी जाते ते मला कुणी सांगितलेलं नाही.

माय गेल्यावर अण्णा आमच्याकडे लातूरला राहायला आले होते. तोवर लातूर बदललं होतं. आमच्या वरच्या खोल्यांत क्लाससाठी आलेल्या पोरी भाड्यानं राहायच्या, धर्माबादच्या, देगलूरच्या, निलंग्याच्या. उन्हाळ्यात नळाला आठ आठ दिवस पाणी नसायचं. ज्या दिवशी येणार त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या पोरी बादल्या घेऊन जिन्यात बसायच्या आणि अण्णा त्यांच्यात खुर्ची टाकून बसायचे.

अशाच एका संध्याकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर ते सांगत होते, "आत गाव हाय, पोरींनो. माणसं राहत्यात. म्या हिंडलो समद्या गल्ल्यांनी. तहान लागली म्हणून एका वट्ट्यावर बसलो, तर एक म्हातारी बाहेर आली. हातभर चुडा. तांब्या भरून पाणी दिलं."

"ओळखपाळख नसताना?" धर्माबादची पोरगी म्हणाली.

"काहीच इचारलं न्हाई तिनं," अण्णा म्हणाले. "नुसतं म्हणली, पी ले."

मी चहाचा ट्रे धरून दारातच उभी राहिले.

"कुणासंगं गेलते आजोबा तुम्ही? एकटेच?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर ते काय म्हणतील ते मला कळेना. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिच्यासंगं. इचारा तिला."

सगळ्या पोरी वळून माझ्याकडे बघू लागल्या. "खरंच, काकू?"

अण्णांनी ट्रेमधला कप घेतला होता. बशीत चहा ओतून ते फुंकर घालत होते, मान खाली.

"हो," मी म्हणाले. "आम्ही दोघंच गेलो होतो. दरवाज्यातून आत गेलं की मोठा चढ लागतो. अण्णा पुढे होते."